गिटारचे फ्रेट बदलतात तेव्हा खरं काम लाकडावर होतं

इलेक्ट्रिक गिटार खिडकीच्या उजेडात तिरपी धरा आणि पहिल्या तीन-चार फ्रेटकडे, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांकडे, जवळून बघा. गिटार रोज वाजत असेल तर तारांच्या बरोबर खाली धातूवर बारीक खड्डे पडलेले दिसतील. पातळ साध्या तारांखाली अरुंद, गुंडाळलेल्या जाड तारांखाली जरा पसरट. बेंड (दाबलेली तार आडवी ओढून सूर चढवणं) भरपूर घेणाऱ्यांच्या गिटारवर बाराव्या फ्रेटच्या आसपास खड्ड्यांऐवजी फ्रेटचा माथाच सपाट झालेला असतो, कारण तिथे तार आडवी घासत जाते. यात गिटार बिघडली असं काही नाही. स्टीलच्या तारेखाली त्याहून मऊ धातू वर्षानुवर्षं दाबला गेला की तो झिजणारच. फ्रेट हा गिटारचा झिजणारा आणि बदलता येणारा भाग आहे. तरीही सगळे फ्रेट उपटून नवे बसवायचे म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. आत नेमकं काय होतं हे कळलं, तर ही भीती बरीच कमी होते आणि काम कोणाकडे द्यायचं तेही ठरवता येतं.

फ्रेट बाहेरून जेवढा दिसतो तेवढाच नसतो. वर गोलसर माथा, त्याखाली फिंगरबोर्डच्या, म्हणजे मानेवर बोटं टेकतात त्या लाकडाच्या, खाचेत गेलेलं पातळ पातं, आणि पात्याच्या दोन्ही अंगांना बारीक दाते. पातं साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि खाच त्याहून किंचित रुंद. धरून ठेवण्याचं काम दाते करतात, ते लाकडात रुततात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागाप्रमाणे ते सरकवता येतात. गिटारच्या खाचा मात्र एकदा कापल्या की कायमच्या. फेंडर कंपनीच्या गिटारचं स्केल, म्हणजे नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरची घोडी) ही तारेची लांबी, ६४८ मिलिमीटर असते; त्यावर नटपासून पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि २१व्या ते २२व्या फ्रेटमधलं अंतर जेमतेम १०.८ मिलिमीटर उरतं. रिफ्रेट करताना, म्हणजे जुने फ्रेट काढून नवे बसवताना, या खाचा जागच्या जागी राहतात, म्हणून ‘फ्रेट बदलले की सूर हलतील’ ही शंका मनातून काढून टाकायला हरकत नाही. उलट झिजलेल्या फ्रेटमुळे बिघडलेले सूर रिफ्रेटनंतर जागेवर येतात.

ते बिघडतात कसे, हे आपल्याकडच्या वाद्यांवरून चटकन समजतं. तानपुऱ्याच्या किंवा सतारीच्या घोडीचा माथा मुद्दाम पसरट आणि अगदी हलक्या उताराचा ठेवतात. तार त्या उताराला घासत कंप पावते आणि त्यातून तो भरदार झणकार निघतो. मिरजेचे सतारमेकर जवारी काढतात म्हणजे हाच उतार कानाने जोखत घासतात. गिटारच्या फ्रेटकडून अपेक्षा बरोबर उलटी आहे. तार माथ्याच्या मध्यावर एका बारीक रेषेवर टेकावी आणि तिथून मोकळी सुटावी. माथा सपाट झाला की तार त्या सपाटीला घासते, नको असलेली जवारी लागते आणि स्वर खरखरतो. शिवाय तार मध्यावरून सुटण्याऐवजी सपाटीच्या ब्रिजकडच्या कडेवरून सुटते, त्यामुळे वाजणारी लांबी किंचित कमी होते आणि सूर जरासा चढतो. आणि एक फ्रेट झिजून त्याच्या पुढचा तसाच उंच राहिला, तर दाबलेली तार पुढच्या फ्रेटवर आपटते. बझ म्हणतात तो हा. फारच फरक पडला तर दोन्ही फ्रेटवर एकच स्वर वाजतो.

पण झिजलेले फ्रेट दिसले की लगेच रिफ्रेट, असंही नाही. आधीची पायरी आहे लेव्हलिंग, म्हणजे सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणायचे आणि माथे पुन्हा गोल करायचे. नवा मध्यम फ्रेट १.१ ते १.४ मिलिमीटर उंच असतो. लेव्हलिंगमध्ये त्यातली थोडी उंची जाते, त्यामुळे एका संचावर ते साधारण दोन-तीनदा करता येतं. उंची पाऊण मिलिमीटरच्या खाली आली की बोट तारेऐवजी लाकडावर टेकायला लागतं, बेंड करताना तार बोटाखालून निसटते, आणि पुन्हा घासायला धातूच उरत नाही. तिथे रिफ्रेटला पर्याय नसतो. फक्त पहिले चार-पाच फ्रेट गेले असतील आणि बाकीचे उंच असतील, तर तेवढेच बदलून जुन्यांशी जुळवून घेता येतात. ओपन कॉर्ड (मोकळ्या तारांसह पहिल्या काही फ्रेटवर लागणारे) वाजवणाऱ्यांचं काम त्यात भागतं, आणि खर्चही वाचतो.

चांगल्या कारागिराकडे जाऊन ‘दादा, फ्रेट बदलायचे आहेत’ म्हटलं, तर तो फ्रेटकडे शेवटी बघतो. आधी नेक, म्हणजे गिटारची मान. गिटार कुशीवर धरून हेडकडून ब्रिजच्या दिशेने एक डोळा मिटून पाहतो, मग फ्रेटच्या जागी खोबणी असलेली सरळ पट्टी फिंगरबोर्डवर ठेवतो. पट्टी फ्रेटना न लागता लाकडावर टेकते, म्हणून लाकूड कुठे उंच आणि कुठे खोल हे समजतं. तारांचा ताण नेकला पुढे ओढतो आणि आतला ट्रस रॉड त्याला मागे खेचतो. दोन्हींचा मेळ बसला की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा हलका बाक राहतो. तेवढा हवाच, कारण तार मध्यभागी जास्त हेलकावते. अडचण असते ती ट्रस रॉडने न सुटणाऱ्या गोष्टींची. नेकला पीळ असतो, किंवा जिथे तो बॉडीला जोडलाय तिथून शेवटचे पाच-सात फ्रेट वर उचललेले असतात. अशा लाकडावर कितीही महागडी फ्रेटवायर बसवली तरी बझ तिथेच राहणार. म्हणूनच माझं ठाम मत आहे की रिफ्रेट हे मुळात सुतारकाम आहे आणि धातूकाम त्याच्यानंतर येतं. वायर कोणती हा प्रश्न सगळे विचारतात. फिंगरबोर्ड कसा सरळ करणार, हे फार थोडे विचारतात.

जुने फ्रेट काढताना पाहणं मला फार आवडतं, कारण तिथे घाई लगेच दिसते. कारागीर सोल्डरिंग गनचं टोक फ्रेटच्या माथ्यावर अर्धा-एक मिनिट टेकवून हळूहळू सरकवतो. उष्णतेने खाचेतला जुना गोंद सैल होतो आणि शिसवीसारख्या लाकडातलं तेल जरासं सुटतं. मग कापणीच्या पकडीचं तोंड फ्रेटच्या एका टोकाखाली शिरतं. ही पक्कड पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते तशीच वापरून चालत नाही. तिच्या जबड्याची बाहेरची बाजू घासून पूर्ण सपाट करावी लागते, तरच ती माथा आणि लाकूड यांच्या फटीत जाते. पकडीने फ्रेट वर ओढायचा नाही. नुसतं दाबायचं, म्हणजे धारेच्या पाचरीने तो केसाएवढा उचलला जातो. मग दोन मिलिमीटर पुढे सरकून पुन्हा दाबायचं. ओढला की पात्याचे दाते खाचेच्या कडेची ढलपी घेऊनच वर येतात. एबनीसारखं ठिसूळ लाकूड असेल तर सावधपणे काढूनही एखादी ढलपी उडतेच. चांगला कारागीर ती टिपून सुपरग्लूने तिथल्या तिथे बसवतो. जुन्या फेंडरमध्ये वेगळीच गोष्ट असते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे फ्रेट वरून न ठोकता खाचेत बाजूने सरकवत बसवत. ते सरळ वर काढले तर बोर्ड फाटतो, आले त्याच बाजूने ढकलून काढावे लागतात. तुमच्याकडे अशी गिटार असेल तर आधी हे माहीत असलेलाच माणूस शोधा.

फ्रेट निघाले की फिंगरबोर्ड उघडा पडतो आणि कामाचा गाभा सुरू होतो. ट्रस रॉड असा जमवतात की नेक जमेल तितका सरळ व्हावा. काही वर्कशॉपमध्ये नेक तारांच्या ताणाखाली असल्यासारखा जखडून ठेवणारी चौकट असते. मग लांब, योग्य गोलाईच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून बोर्ड घासला जातो. त्याआधी लाकडावर पेन्सिलने रेघोट्या मारतात. रेघोट्या पुसल्या तिथे उंचवटा होता, राहिल्या तिथे खळगा. सगळ्या पुसल्या की थांबायचं, त्यापुढचं घासणं म्हणजे लाकूड वाया घालवणं. गोलाईचा निर्णयही इथेच होतो. जुन्या फेंडरची त्रिज्या ७.२५ इंच, आजच्या बऱ्याच मॉडेलची ९.५, गिब्सनची १२. लहान त्रिज्या म्हणजे जास्त गोल बोर्ड. त्यावर कॉर्ड आरामात लागतात, पण ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली ठेवून मोठा बेंड घेतला की तार मधल्या उंचवट्यावर चढते आणि स्वर मरतो. रिफ्रेटच्या वेळी ही त्रिज्या थोडी वाढवून घेता येते. जुन्या, मूळ अवस्थेत किंमत असलेल्या गिटारला मात्र मी हात लावू देणार नाही.

लाकडाची जातही इथे विचारात येते. शिसव आपल्या सह्याद्रीतलीच, आणि जगभरातल्या गिटारच्या फिंगरबोर्डवर ती आहे. २०१७ साली ती ज्यात मोडते त्या डालबर्जिया या झाडांच्या संपूर्ण गटावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, म्हणून अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर बदल रुळला होता. स्वस्त गिटारवर इंडियन लॉरेल नावाने येणारं लाकूड म्हणजे आपल्या जंगलातला ऐन. मेपलचा फिंगरबोर्ड मात्र लॅकरने झाकलेला असतो, आणि लॅकर फ्रेटच्या कडेला चिकटलेलं असतं. तिथे आधी धारदार पात्याने कडेची रेघ कापावी लागते आणि बोर्ड घासला तर नंतर पुन्हा लॅकर मारावं लागतं. मेपलच्या रिफ्रेटला जास्त पैसे सांगितले तर त्यामागे हे कारण असतं.

पुण्याच्या हवेचा इथे थेट संबंध आहे. पावसाळ्यात फिंगरबोर्ड ओल धरून रुंदीला फुगतो, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आक्रसतो. लाकूड लांबीला जवळजवळ तेवढंच राहतं, बदल होतो तो रुंदीत. धातू मात्र तसाच. म्हणून उन्हाळ्यात नेकवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचतात. बरेच जण याला फ्रेट खराब झाले समजून रिफ्रेटची चौकशी करतात. ती गरज नसते, फक्त टोकं घासून घ्यायची. उलट भर पावसाळ्यात फुगलेल्या बोर्डवर टोकं काठोकाठ कापून घेतली, तर उन्हाळ्यात ती बाहेर येणार हे ठरलेलंच. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि दिवाळीनंतरचे आठवडे त्या दृष्टीने बरे. पण त्याच सुमाराला कार्यक्रमांचा हंगाम असतो आणि कॉलेजांची फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन कलास्पर्धेची तयारीही सुरू होते. तेव्हा तारीख आधीच घेऊन ठेवा, आणि गिटार काम सुरू होण्याआधी काही दिवस वर्कशॉपच्या हवेत राहू द्या.

आता वायर. नेहमीची वायर जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूची. बहुतेक फॅक्टरी गिटारवर हीच असते. स्टेनलेस स्टील तिच्या साधारण दीडपट कडक, झिजायला कितीतरी वर्षं घेतं आणि बेंड काचेवरून सरकल्यासारखा होतो. त्याचा आवाज फार टोकदार येतो असं ऐकिवात असतं. माझ्या कानाला पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) आणि ॲम्पच्या फरकापुढे तो नगण्य वाटतो. कारागिराच्या दृष्टीने मात्र स्टेनलेस कष्टाचं. पकडी आणि कानशी लवकर बोथट होतात, वायर वाकवली तरी परत उसळते, पॉलिशला जास्त वेळ लागतो, म्हणून मजुरी वाढते. तिसरा सोनेरी रंगाचा, निकेल नसलेला मिश्रधातू इव्हो नावाने येतो. कडकपणात तो दोन्हींच्या मध्ये बसतो, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्यांसाठी सोयीचा. रोज तासन्‌तास बेंड करणाऱ्याने स्टेनलेसचे पैसे खुशाल द्यावेत. आठवड्यातून दोनदा वाजवणाऱ्याला जर्मन सिल्व्हर अनेक वर्षं पुरतं.

धातूपेक्षा आकाराचा फरक बोटांना जास्त जाणवतो. जुन्या पद्धतीची वायर २ मिलिमीटर रुंद आणि १.१ उंच, जंबो २.८ रुंद आणि १.४ उंच. उंच फ्रेटवर बोट लाकडाला लागत नाही, तार कमी जोरात दाबली तरी चालते, बेंड पकडीत राहतो. पण तुमचा हात जड असेल तर उंच फ्रेटवर दाबलेला प्रत्येक कॉर्ड सुरापेक्षा चढा लागतो, कारण तार खाली खेचली जाऊन ताणली जाते. वर्कशॉपमध्ये वेगवेगळ्या फ्रेटच्या गिटार असतील तर पाच मिनिटं वाजवून बघा. आकडे वाचून हे समजत नाही.

वायर बोर्डच्या गोलाईपेक्षा जरा जास्त वाकवून घेतात, म्हणजे ठोकताना टोकं आधी पकडतात आणि मधला भाग नंतर बसतो. कोणी पितळी किंवा प्लॅस्टिक तोंडाच्या हातोडीने बसवतं, कोणी प्रेसने. दोन्ही पद्धती चांगल्या, हात सरावलेला हवा. त्याआधी खाचा साफ करून त्यांची रुंदी मोजणं महत्त्वाचं. पातं खाचेपेक्षा जाड असेल तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा लाकूड फाकवतो आणि २२ पाचरी मिळून नेक मागे वाकतो. पातं सैल असेल तर टोकं उचलून येतात. गिब्सनसारखी कडेला बाइंडिंगची पट्टी असेल तर प्रत्येक फ्रेटच्या टोकाचं पातं कापून वरचा माथा तेवढा पट्टीवर आणावा लागतो. तेही काम वाढवणारं आहे.

मग २२ फ्रेटची ४४ टोकं. ती आधी सपाट कापून एकत्र तिरपी घासतात, नंतर प्रत्येक टोकाचा कोपरा छोट्या कानशीने हाताने गोल करतात. मशीनवर झटपट केलेलं काम आणि मनापासून केलेलं काम यातला फरक इथे हाताला कळतो. गिटार परत घेताना नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा वर-खाली फिरवा. कुठेही अडकता कामा नये.

नवे फ्रेट बसवल्यावरही लेव्हलिंग करावंच लागतं, फक्त अगदी हलकं. प्रत्येक माथ्यावर मार्करची शाई लावतात आणि लांब सपाट पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून एकदा-दोनदा फिरवतात. शाई सगळीकडे एकसारखी निघाली तर लाकडाची तयारी नीट झाली होती. दहाव्या फ्रेटची सगळी निघाली आणि अकराव्याची तशीच राहिली, तर कमी-जास्त आहे. लाकूड सरळ केलं असेल तर इथे धातू जेमतेम खरवडला जातो आणि नव्या फ्रेटची उंची तुमच्याकडे राहते. ते केलं नसेल तर सगळा फरक इथे फ्रेट घासून भरून काढावा लागतो, म्हणजे नव्या वायरचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. त्यानंतर आतून गोल असलेल्या खास कानशीने माथे पुन्हा गोल करतात. माथ्याच्या मध्यावर शाईची केसाएवढी रेघ उरली पाहिजे. ती रेघ म्हणजे लेव्हल केलेली उंची, तिला धक्का लागू द्यायचा नाही. साध्या चपट्या कानशीने हे होत नाही, म्हणून घरी प्रयोग करायचा झाला तर एखाद्या टाकाऊ नेकवर करावा. शेवटी बारीक होत जाणारे पॉलिश पेपर आणि धातूचं पॉलिश. स्टीलवूल वापरत असतील तर पिकअप झाकलेले हवेत, नाहीतर लोखंडाचे कण चुंबकाला चिकटून बसतात.

नटचा खर्च ऐकून बरेच जण चकित होतात, पण तो योग्य असतो. नटच्या खाचा जुन्या झिजलेल्या फ्रेटच्या हिशोबाने खोल झालेल्या असतात. फ्रेट अर्धा मिलिमीटर उंच झाले की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासते. म्हणून पूर्ण रिफ्रेटसोबत सहसा नवा नट लागतो, हाडाचा असेल तर उत्तम. त्यानंतर सेटअप: ट्रस रॉड, बाराव्या फ्रेटवर साधारण दीड ते दोन मिलिमीटर ॲक्शन, ब्रिजवर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर नीट लागतील असं जुळवणं.

काम देताना तुम्ही कोणता तारांचा सेट वापरता, नऊचा की दहाचा (सर्वांत पातळ तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), ट्यूनिंग अर्धा सूर खाली असतं का, हात हलका की जड, हे आपणहून सांगा. कारण नेक त्या ताणाला जमवायचा असतो. बोर्ड सरळ करणं, नट आणि सेटअप सांगितलेल्या रकमेत धरलंय का, तेही स्पष्ट विचारा. सुरुवातीच्या स्वस्त गिटारवर ही सगळी रक्कम गिटारच्या किमतीच्या आसपास जाऊ शकते. तिचा नेक स्क्रूने जोडलेला असेल तर नवा नेक मिळतो का, तेही बघून ठेवा. चिकटवलेल्या नेकच्या गिटारला ती सोय नाही, पण तशी गिटार सहसा रिफ्रेटच्या खर्चाला पुरून उरते.

गिटार घरी आल्यावर पहिले काही आठवडे नेक जरासा हलतो. महिन्याभराने एकदा आणि हवा बदलली की पुन्हा एकदा दाखवून आणा. ट्रस रॉडला पाव आटा द्यावा लागला तर घाबरायचं कारण नाही. एखाद्या फ्रेटचं टोक उचललेलं सापडलं, तर ते कारागिराने पैसे न घेता बसवून द्यायचं असतं, आणि हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्यावं.